कान्होबांचा वाटा

“गाडी नेली ना साहेब? मग आता कशाचे पैसे?”

भोसरीतल्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे हा प्रश्न चिखलीपासून खराबवाडीपर्यंत सगळीकडे ऐकला. विचारणारा कधी तापलेला असे, कधी रडवेला. पण बहुतेकांच्या आवाजात प्रामाणिक अचंबा असायचा. त्यांच्या लेखी व्यवहार मिटलेला असे. गाडीसाठी पैसे घेतले, हप्ते झेपले नाहीत, गाडी तुम्ही नेली, फिट्टंफाट. मग हा माणूस पुन्हा दारात कसा?

कुरुळीच्या एका गड्याचं सांगतो. त्याचा छोटा हत्ती होता. चाकणच्या एका व्हेंडरकडून प्रेसचे पार्ट तळवड्याला न्यायचे आणि येताना रिकाम्या पेट्या आणायच्या, हा धंदा. व्हेंडरची ऑर्डर तुटली, फेऱ्या बंद पडल्या. कर्ज ३ लाख ८० हजारांचं, व्याजासह येणं २ लाख ९० हजारांच्या घरात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला, कलम १५६ च्या अधिकारात गाडी जप्त झाली, जाहीर लिलाव पुकारला. लिलावाला आले कुदळवाडीचे दोन भंगारवाले आणि चाकणचा एक जुन्या गाड्यांचा दलाल. तिघंही एकमेकांना चांगले ओळखणारे. बोली १ लाख ३५ हजारांवर थांबली. गाडी जाऊनही दीड लाखाच्या वर येणं उरलंच. ते मागायला गेलो तेव्हा त्याची आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. प्रश्न तिनेच विचारला.

कायद्यात याचं उत्तर दोन ओळींत आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधलं कलम १७६ गहाणाबद्दल सांगतं की गहाण वस्तू विकून पैसे कमी पडले तर उरलेली रक्कम ऋणकोने द्यायची, आणि जास्त आले तर वरचे पैसे त्याला परत करायचे. हा दुसरा भाग फार न्याय्य वाटतो वाचायला. जुन्या गाडीच्या लिलावात वर पैसे उरलेले मात्र मी पाहिले नाहीत.

म्हातारीला मी कलम सांगितलं नाही. तिचा प्रश्न कलमाचा नव्हताच. तो असा होता की देणं असतं कशावर? वस्तूवर की माणसावर? वस्तूवर असेल तर वस्तू गेल्यावर ते संपलं पाहिजे. माणसावर असेल तर मग वस्तू नेता कशाला?

माझी बाजू सांगतो. आम्ही कर्ज मंजूर केलं तेव्हा गाडी शोरूममध्ये होती, आमच्यातल्या कुणी ती बघितलीही नव्हती. आम्ही बघितला माणूस. त्याच्या पासबुकातली ये-जा बघितली, दोन जामीनदार बघितले. पूर्वी मोठ्या कंपनीतला कायम कामगार जामीन राहिला की संस्थेला घोर नसे, कारण कलम ४९ खाली त्याच्या पगारातून कपात करून घेता येई. आता चाकणच्या शेडमध्ये कायम कामगार शोधावा लागतो. कंत्राटी आणि ट्रेनी पोरं जामीन राहतात आणि सात महिन्यांनी कंत्राटदार बदलला की पत्ता बदलतात. तरीही भरवसा माणसावरच टाकलेला असतो, त्याच्या येणाऱ्या दिवसांवर. तारण नंतर येतं, त्या भरवशाला टेकू म्हणून. टेकू काढून नेला म्हणजे भरवसा परत मिळाला, असं होत नाही. इथवर मी ठाम आहे.

पण म्हातारीच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला पुरून उरला. येणाऱ्या दिवसांवर भरवसा टाकला म्हणता, आणि ज्याच्या जोरावर ते दिवस यायचे ती गाडीच ओढून नेता. ज्यूंच्या धर्मग्रंथात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात, यावर सरळ मनाई आहे. कर्जापोटी कुणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसं करणं म्हणजे त्याचं जगणंच गहाण घेणं. त्याच अध्यायात आणखी एक आज्ञा आहे आणि ती मला जास्त आवडते. गहाण आणायला ऋणकोच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं, तो स्वतः वस्तू बाहेर आणून देईल.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये याच जातीची करुणा आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, आणि धार्मिक रूढीप्रमाणे जे बाईच्या अंगावरून उतरत नाहीत ते दागिने जप्तीतून सुटतात. सुताराचा रंधा सुटतो. छोटा हत्ती सुटत नाही, कारण तो स्वतःच तारण असतो. १९०८ सालच्या कायदेमंडळाला छोटा हत्ती कुठून दिसणार? पण आजच्या चाकणमध्ये जातं कुठलं, असं विचारलं तर निम्मे लोक चारचाकीकडेच बोट दाखवतील.

आता देहूबद्दल बोलतो, कारण या पट्ट्यात कर्जाचा विषय निघाला की तो देहूला जाऊन थांबतोच. मी माळकरी, तळवड्यात राहतो, देहू दोन पावलांवर. प्रत्येक वसुलीत कुणी ना कुणी मला ऐकवायचंच, “माळ घालता आणि जप्ती करता? तुकोबांनी तर खतं इंद्रायणीत बुडवली.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ऐकवणाऱ्याचा चेहराही आता आठवत नाही.

तुकोबांनी खतं बुडवली, ही परंपरेतली गोष्ट. घरात महाजनकी, बापजाद्यांची सावकारी. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ आला. पहिली बायको अन्नावाचून गेली, दिवाळं निघालं. त्यानंतर वडिलांच्या वेळची येण्याची खतं तुकोबा नदीत टाकायला निघाले. कीर्तनात गोष्ट बहुतेक वेळा इथे संपते. टाळ्या होतात. पण महिपतीबुवांनी १७७४ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तलीलामृतात मधला एक प्रसंग आहे. धाकटे भाऊ कान्होबा म्हणाले की तुम्ही साधू झालात, आम्हाला प्रपंच आहे. मग खतांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती गेला आणि तुकोबांनी बुडवला तो फक्त स्वतःचा वाटा.

मला या गोष्टीतलं सगळं तत्त्वज्ञान त्या वाटणीत दिसतं. तुकोबांना भावाला समजावता आलं असतं, दरडावता आलं असतं, थोरला भाऊ म्हणून सगळा गठ्ठा उचलून डोहात टाकता आला असता. लोकांनी त्यांना तितकंच थोर मानलं असतं, कदाचित जास्त. त्यांनी ते केलं नाही. क्षमा ही ज्याचं नुकसान व्हायचं त्यानेच करायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या वाट्याची क्षमा आपण करायला निघालो तर तो दानधर्म नव्हे, अफरातफर आहे. आणि ज्या कान्होबांनी खतं ठेवून घेतली त्यांना परंपरेने वाळीत टाकलं का? तुकोबांच्या मागे त्यांनी रचलेले अभंग गाथेतच आहेत. खतं सांभाळणारा आणि खतं बुडवणारा, दोघांना एका पोथीत जागा मिळाली.

आमच्या संस्थेत सगळेच वाटे कान्होबांचे होते. लांडेवाडीतला चहावाला रोज पिग्मी एजंटाकडे पन्नास रुपये द्यायचा. मोशीची एक भाजीवाली, तिचं पिग्मीचं कार्ड कायम कोथिंबिरीच्या पाण्याने ओलं. मार्केटमधले हमाल, कंपनी बंद पडल्यावर मिळालेला हिशोब मुदत ठेवीत टाकलेले म्हातारे. कुरुळीच्या गड्याला दिले ते हे पैसे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ पाच लाखांपर्यंत देतं. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमाही नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, त्याच वर्षी पुण्याच्या रुपी बँकेचाही. त्या दिवसांत आमच्या काउंटरवर ठेवीदार काही न बोलता नुसते येऊन उभे राहायचे. त्यांच्याकडे बघून मी कुठल्या तोंडाने म्हणू की मला वैराग्य आलंय, दीड लाख सोडले?

सरकारी कर्जमाफीचंही तेच. २०१७ ची घ्या, २०१९ ची घ्या. माफ सरकार करतं, पण बँकेला पैसे तिजोरीतून जातात. म्हणजे इंद्रायणीत काही बुडत नाही, वाटा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. मी कर्जमाफीच्या विरोधात नाही, आमच्याही नातलगांना मिळाली. पण तिला तुकोबांचं नाव देऊ नये.

ज्यूंच्या इतिहासात ही अडचण फार स्वच्छ दिसते. त्यांच्याकडे दर सातव्या वर्षी येणी सोडून द्यायची आज्ञा होती. झालं असं की सातवं वर्ष जवळ आलं की गरिबाला कुणी उसनं देईना. तेव्हा हिल्लेल नावाच्या धर्मगुरूने वाट काढली. धनकोने आपलं येणं लिहून न्यायसभेकडे सोपवायचं. माणसाच्या हातातलं येणं सातव्या वर्षी सुटे, न्यायसभेच्या हातातलं सुटत नसे. गरिबाला कर्ज मिळू लागलं, आणि त्याच क्षणी क्षमा करू शकणारा माणूस व्यवहारातून नाहीसा झाला. भोसरीची पतसंस्था काय, मुंबईची फायनान्स कंपनी काय, सगळी हिल्लेलची लेकरं. फोनवर हप्ता मागणाऱ्या मुलीला कितीही दया आली तरी तिच्या हातात बुडवण्यासारखं एकही खत नसतं.

मग जिथे क्षमा करायला कुणी शिल्लक नाही तिथे धर्म कुठे राहतो? माझ्या मते तो वसुलीच्या रीतीत राहतो. कर्ज सोडणं माझ्या हातात नव्हतं, कसं मागायचं ते होतं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ऋण वसूल करण्याचे पाच मार्ग दिले आहेत. धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. म्हणजे समजावणी, फिर्याद, युक्ती, रूढीची दडपणं, आणि शेवटी जबरदस्ती. हे वाचून मला धक्का बसला नाही. धक्का बसला तो हा की यादी आजही तशीच आहे. फायनान्स कंपनीचा एजंट पहिले दोन सोडून तिसऱ्यापासून सुरुवात करतो, एवढाच फरक. चावी मागायची ‘फक्त फोटो काढतो’ म्हणून आणि गाडी सुरू करून निघून जायचं, हा छल. सोसायटीच्या वॉचमनसमोर, सासरच्या माणसांसमोर मोठ्याने रक्कम सांगायची, हे आचरित. पुणे-नाशिक रस्त्यावर मोटारसायकल आडवी घालून टेम्पो थांबवायचा, हे बल. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडात हजारीबागेजवळ ट्रॅक्टर ओढून नेताना एका शेतकऱ्याची गरोदर मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली गेली, तेही बलच.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात सांगितलं की वसुलीसाठी गुंड पाठवता येणार नाहीत, कायद्याच्या मार्गाने जा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये वेळही आखून दिली, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. तिसऱ्या शिफ्टवाल्याला सकाळी नऊचा फोन म्हणजे मध्यरात्रीचा, हे मुंबईत कुणाला कळणार. दुसरीकडे २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्पच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की भाडेखरेदीच्या करारात सगळे हप्ते फिटेपर्यंत गाडीची मालक कंपनीच. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो की घेण्याचा हक्क पक्का आहे, हिसकावण्याचा नाही.

मी घरात शिरत नसे. अंगणात उभा राहायचो. गाडीतलं सामान मालकानेच काढायचं, मी यादी करायचो. जॅक, स्टेपनी, ताडपत्री आमची. डॅशबोर्डवरचा विठोबा, आरशाला बांधलेला मुलीचा पहिला बूट, दारामागचं लिंबू-मिरची त्यांचं. एकाने गणपती काढला नाही. म्हणाला, “तोही हप्त्यावरच घेतलेला समजा.” मी काढून त्याच्या हातात दिला. देव जप्त होत नाही, त्याला कलम लागत नाही.

इथे तुकोबांची आणखी एक गोष्ट आठवते. मनूच्या त्या चौथ्या मार्गात भाष्यकार धरणंही धरतात. धनकोने ऋणकोच्या दारात उपाशी बसायचं, दारातला उपाशी माणूस मेला तर पाप घरधन्याच्या माथी. पेशवाईत पगार थकलेले शिपाई सरदारांच्या दारात असेच बसत. आणि परंपरा सांगते, गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून राहिले. देहूच्या देवळात ती शिळा आजही दाखवतात. मला त्यात वसुली दिसते. ज्याने माणसांकडची येणी सोडली त्याने देवाच्या दारात मात्र धरणं धरलं. माणसाकडे मागायचं नाही ते देवाकडे हक्काने मागायचं. कीर्तनकार म्हणतात की भक्ताच्या ऋणात देव राहतो. मी पेशाने वसुलीवाला असल्यामुळे एवढंच म्हणतो की समोरचा देण्याच्या स्थितीत आहे की नाही ते बघूनच धरणं धरावं. तुकोबांनी बघितलं होतं. कुरुळीचा गडी त्या स्थितीत नव्हता.

उरलेल्या पैशांचा खरा पेच हा आहे. गाडी घेतली तेव्हा मी त्याच्याकडे असलेली वस्तू घेतली. उरलेले दीड लाख मागतो तेव्हा त्याच्याकडे नसलेलं मागतो, म्हणजे त्याच्या पुढच्या चार-पाच वर्षांतली मिळकत. या दोन्ही हक्कांना कायदा एकच वजन देतो, मी देत नाही. लिलावात गाडी तिघांच्या संगनमताने पडत्या भावात गेली असेल तर तो तोटा कुणाचा? विकली आम्ही, भाव आम्ही ठरू दिला, ती आवारात चार महिने पावसात भिजली तेव्हा किल्ली आमच्याकडे होती. उरलेली रक्कम सरसकट त्याच्या नावावर टाकणं म्हणजे आपल्या बेफिकिरीवर व्याज आकारणं. संचालकांसमोर हे मी मांडलं होतं. एक संचालक म्हणाले, “वसुली अधिकारी तुम्ही आमचे की त्याचे?” पुढच्या लिलावांची जाहिरात मात्र चाकणच्या बाजारातही लागली, आणि किमान बोली ठरवून.

आपल्या शास्त्रकारांना ही उरलेल्या पैशांची भूक माहीत होती. दामदुप्पट हा त्यावरचा लगाम. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. मनूत तो आहे, मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो पाळला, १९४६ च्या सावकारी कायद्यातही तो आला. पण बँकेला आणि फायनान्स कंपनीला सावकारी कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांबद्दल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसं सांगितलं. म्हणजे चाकणच्या परवानाधारक सावकाराचा हात मनू धरतो, मोबाइलवरून कर्ज देणाऱ्याचा धरत नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्यांना माणसं मारायची नव्हती, फक्त कागद हवे होते. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला आणि न्यायालयाला खताच्या मागे जाऊन हिशोब उकलायची मुभा मिळाली. आता खत सर्व्हरवर असतं. जाळणार काय?

साध्या माणसाला कर्जातून मोकळं करून नवी सुरुवात द्यायची तरतूद २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत लिहिलेली आहे. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत. या मापात बसणाऱ्याला पतसंस्थाही कर्ज देत नाही, आणि तो भागही सामान्य माणसासाठी अजून लागू केलेला नाही.

मुदतीच्या कायद्यात मात्र मला खरं शहाणपण दिसतं. साध्या उसनवारीच्या येण्याला तीन वर्षांची मुदत. ती उलटली की न्यायालयाचं दार बंद. पण देणं मरत नाही. करार अधिनियमाचं कलम २५ म्हणतं की मुदत गेलेलं देणं द्यायचं लेखी वचन दिलं तर ते वचन बांधील. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की देणं आणि वसुली वेगवेगळ्या आयुष्याच्या गोष्टी आहेत. वसुली थकते आणि तिने थकावंही; तिच्यामागे पोलीस, लिलाव, दारातली बेअब्रू असते, या गोष्टी कुणाच्या जन्माला पुरवायच्या नसतात. देणं मात्र देणाऱ्याच्या मनात राहतं, तिथे कुणी वसुली अधिकारी पोचत नाही. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं, असा आदेश आहे. त्यातही क्रम तोच, आधी सवड आणि मग क्षमा. सवड तरी आम्हाला देता येण्यासारखी होती. कुरुळीच्या गड्याला दिली. तो आता दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर आहे, महिन्याला दीड हजार भरतो. व्याज धावतंच आहे, ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या काळात निघोज्याचा एक मुलगा आला. सीएनसी सेटर. वडिलांनी आमच्याकडून वेल्डिंगच्या दुकानासाठी कर्ज घेतलं होतं, मशीन जप्त होऊन विकलं गेलं, ६२ हजार मुद्दल उरलं आणि व्याज त्याच्याही पुढे गेलं. जामीनदारांपैकी एक वारला, दुसरा बीडकडे गावी परतला. खातं निर्लेखित झालं होतं. वडीलही वारले. मुलाला वारसात काही आलं नव्हतं, म्हणजे कायद्याने तो एक रुपया लागत नव्हता. बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, या जुन्या तत्त्वावर मुलाकडे वसुली करायची मुभा २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने त्यापुढच्या कर्जांपुरती काढून टाकली. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ते माहिती आहे काका. मुद्दल घ्या. व्याज वडिलांनी फेडलंय.”

मी विचारलं, कधी?

“तुमची मोटारसायकल चौकात दिसली की ते मागच्या दाराने रानात जायचे. चार वर्षं. ते धरा व्याजात.”

हे व्याज कुठल्या लेजरला जमा करायचं? पैसे त्याने तीन हप्त्यांत भरले आणि बेबाकी दाखला मागितला, तोही वडिलांच्या नावाने. व्यवस्थापक म्हणाले, मयताच्या नावाने देता येत नाही, आणि व्याज बाकी असताना तर नाहीच. मी सामोपचार योजनेखाली व्याज सोडण्याची शिफारस लिहिली. संचालकांनी मंजूर केली. लेखापरीक्षकाने दोष काढला की व्याजात सूट दिली ती नेमकी कोणत्या अधिकारात, आणि सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवला का? त्या माणसाने तुकोबांची गोष्ट वाचली असेल-नसेल, प्रश्न कान्होबांचाच होता.

विषय सभेपुढे आला. भोसरीतलं मंगल कार्यालय, वर्षाच्या सभेला नेहमीची वडा-चहाची गर्दी. अध्यक्षांनी वाचून दाखवलं, ‘मंजूर, मंजूर’ असा गलका झाला. तेवढ्यात मोशीची भाजीवाली उठली. म्हणाली, पोरगं चांगलं आहे, त्याला दाखला द्या. पण सोडलेल्या व्याजात माझ्या पिग्मीचे किती गेले ते मला कुणी विचारलं नाही, आता विचारताय तर माझं नाही म्हणून लिहा. लोक हसले. सचिव मंजुरीची नोंद करून पुढच्या विषयाकडे वळत होते. मी त्यांना थांबवलं आणि तिचा विरोध नावानिशी इतिवृत्तात घ्यायला लावला. दाखला दुसऱ्या दिवशी दिला, वडिलांच्या नावाने, खाली ‘मयत’ लिहून. तिचा विरोधही त्याच पानावर आहे.